कूपर आडनाव आलं कुठून? लाकडी पिंपापासून मिनी कूपर आणि मुंबईच्या कूपर हॉस्पिटलपर्यंत

मुंबईच्या पश्चिम उपनगरात राहणाऱ्यांना कूपर म्हटलं की जुहूचं कूपर हॉस्पिटल आठवतं. गाड्यांच्या शौकिनांना मिनी कूपर आठवते. 'बिग बँग थिअरी' पाहणाऱ्यांना शेल्डन कूपर, 'इंटरस्टेलर' पाहणाऱ्यांना अंतराळात गेलेला बाप आणि हॉलिवूडच्या चाहत्यांना ब्रॅडली कूपर. कायद्याच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तर ते 'आर. सी. कूपर विरुद्ध भारत सरकार' हा खटला सांगतील.

आडनाव एकच, पण माणसं इंग्लंडमधली, अमेरिकेतली, युक्रेनमधून आलेल्या ज्यू घरातली, साताऱ्यातली आणि कोलकात्यातली. मग हे सगळे एकाच खानदानातले का? तर नाही. कूपर हे नाव मुळात एका खानदानाचं नव्हतंच. ते एका कामाचं नाव होतं. त्या कामापासून सुटून ते जगभर कसं पसरलं आणि कुणाकुणाला कसं चिकटलं, ते पाहू.

कूपर म्हणजे नेमकं काय?

कूपर म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा कारागीर. लोहाराला जसं स्मिथ, पीठ दळणाऱ्याला मिलर आणि पाव भाजणाऱ्याला बेकर, तसं पिंपं, टब आणि बादल्या बनवणाऱ्याला कूपर.

हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत आला तो समुद्रापलीकडून, म्हणजे आजच्या नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीच्या बोलींमधून. तिथे मोठ्या लाकडी भांड्याला 'कूपे' म्हणत आणि ते बनवणाऱ्याला 'कूपर'. त्याच्याही मागे लॅटिनमधला 'कूपा' हा शब्द आहे. त्याचा अर्थ पिंप किंवा मोठं भांडं. चहाच्या 'कप'चं मूळही याच शब्दकुळात शोधलं जातं.

अनेक भाषाशास्त्रज्ञ या लॅटिन 'कूपा'चं नातं संस्कृतमधल्या 'कूप' या शब्दाशी जोडतात. कूप म्हणजे खोल पोकळी, खड्डा, विहीर. कूपमंडूक आणि कूपनलिका या शब्दांतला तोच हा कूप. दोन्हींमागची मूळ कल्पना एकच, आतून पोकळ असलेली जागा.

आपल्या मराठी 'पिंपा'लाही प्रवासाचा इतिहास आहे. तो शब्द पोर्तुगीज 'पीपा'वरून आलेला. पोर्तुगीजांची जहाजं कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि त्यांच्यासोबत पिंपाचं नावही आलं.

पिंप बनवणाऱ्याला एवढं महत्त्व का होतं?

प्लास्टिकचे कॅन, पत्र्याचे डबे आणि पुठ्ठ्याचे खोके नव्हते तेव्हाचा युरोप डोळ्यांसमोर आणा. बिअर, वाईन, पाणी, खारवलेले मासे, मांस, लोणी, पीठ, खिळे, बंदुकीची दारू या सगळ्याची ने-आण लाकडी पिंपातून होई. जहाज महिनोन्महिने समुद्रावर असे, तेव्हा खलाशांचं पिणं आणि खाणं पिंपातच असे. पिंप गळलं तर माणसं तहानेने मरायची. म्हणून लांबच्या प्रवासावर निघणाऱ्या जहाजावर पिंपं दुरुस्त करणारा माणूस ठेवावा लागे.

१६२० साली इंग्लंडहून अमेरिकेला गेलेल्या प्रसिद्ध 'मेफ्लॉवर' जहाजावरही असा माणूस होता. त्याचं नाव जॉन आल्डेन. धंद्याने तो कूपर, आडनाव मात्र आल्डेन. म्हणजे त्या काळापर्यंत धंदा आणि आडनाव यांची फारकत झालेली होती. हा मुद्दा पुढे कामाला येईल.

पिंप बनवणं दिसायला सोपं, करायला अवघड. ओकचं लाकूड फोडून त्याच्या फळ्या काढायच्या आणि त्या दीर्घकाळ वाळवायच्या. मग प्रत्येक फळी तासून मधे रुंद आणि टोकांना निमुळती करायची. या फळ्या गोलाकार उभ्या करून आत आग पेटवायची. उष्णतेने लाकूड नरम झालं की फळ्या वाकवून वरून कडी ठोकायची. शेवटी आतल्या बाजूने खोबण पाडून वरचं आणि खालचं झाकण बसवायचं. या सगळ्यात ना खिळा, ना गोंद. फळ्यांच्या कडांचा कोन जरा चुकला तरी पिंप गळणार. पिंपाचं पोट फुगीर का असतं? वाकलेल्या फळ्या आणि कडी एकमेकांना घट्ट धरून ठेवतात म्हणून. शिवाय आडवं पाडलं की जमिनीला अगदी थोडाच भाग टेकतो, त्यामुळे कित्येक मणांचं ओझं एकटा माणूस लोळवत नेऊ शकतो आणि हवं तिकडे वळवू शकतो.

कारागिरांतही प्रकार होते. द्रवपदार्थांची पिंपं बनवणारे सगळ्यांत कसबी मानले जात. पीठ, तंबाखू, खिळे अशा कोरड्या मालाची पिंपं बनवणारे वेगळे. घरगुती बादल्या, टब आणि लोणी घुसळायची भांडी बनवणारे आणखी वेगळे. लंडनमध्ये या कारागिरांचा संघ होता आणि त्याला १५०१ साली राजाची सनद मिळाली. 'वर्शिपफुल कंपनी ऑफ कूपर्स' नावाने हा संघ आजही आहे.

धंदा मात्र आता जवळपास संपला. धातूची पिंपं आली, मग प्लास्टिक आलं. स्कॉच व्हिस्कीला कायद्याने किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात मुरवावं लागतं, म्हणून स्कॉटलंडमध्ये हे कारागीर अजून टिकून आहेत. बाकी जगाकडे उरला तो शब्द. कच्च्या तेलाचा भाव आजही बॅरलमध्ये सांगतात. हे बॅरल म्हणजे ४२ अमेरिकन गॅलन, साधारण १५९ लिटर. १९व्या शतकात पेनसिल्वेनियात तेल सापडलं, तेव्हा ते लाकडी पिंपांतून विकलं जाई. तेच माप कायम राहिलं.

धंद्याचं आडनाव कसं झालं?

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्या वेळी सामान्य माणसाला पिढ्यान्‌पिढ्या चालणारं आडनाव नव्हतं. पुढच्या काळात लोकांची नावं मोजकीच उरली. जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, थॉमस. एका गावात दहा जॉन असतील तर ओळखायचं कसं? टेकडीवर राहतो तो जॉन हिल. रॉबर्टचा मुलगा तो जॉन रॉबर्ट्सन. लाल केसांचा तो जॉन रीड. आणि पिंपं बनवतो तो जॉन कूपर.

सुरुवातीला ही फक्त ओळख होती. मुलाने धंदा बदलला की नावही बदले. पण जमिनीचे वारसाहक्क, न्यायालयाचे दप्तर आणि करवसुली वाढली, तशी नावं कागदावर पक्की होत गेली. १३७७ ते १३८१ या काळात इंग्लंडमध्ये माणशी कर बसवला गेला आणि लाखो सामान्य माणसांची नावं याद्यांमध्ये चढली. १४व्या शतकाच्या अखेरीस बहुतेक इंग्रजांकडे वडिलांकडून मुलाकडे जाणारं आडनाव होतं.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. इंग्लंडमध्ये आडनाव गोठलं, धंदा गोठला नाही. कूपरचा मुलगा शेतकरी, वकील, पाद्री किंवा दरोडेखोर होऊ शकत होता, तरी नाव कूपरच राहिलं. त्यामुळे दोन-तीनशे वर्षांत नावावरून धंदा ओळखण्याची सोय संपली.

दुसरी गोष्ट, पिंपं बनवणारा प्रत्येक भागात होता. त्यामुळे कूपर हे आडनाव एका घरात जन्मून पसरलं नाही. शेकडो गावांत, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या घरांना ते स्वतंत्रपणे मिळालं. ब्रिटनमधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या ५० आडनावांत कूपर बसतं, त्याचं कारण हेच.

कूपरचे परदेशी भाऊबंद

हेच काम युरोपभर होतं, त्यामुळे याच अर्थाची आडनावं प्रत्येक भाषेत सापडतात.

- काउपर: इंग्रजीतलंच जुनं स्पेलिंग. कवी विल्यम काउपर (१७३१–१८००) यांचं नाव लिहिलं जातं वेगळं, पण पारंपरिक उच्चार कूपरच.
- हूपर: पिंपाभोवतीची कडी बसवणारा.
- कायपर: डच रूप. खगोलशास्त्रज्ञ जेरार्ड कायपर (१९०५–१९७३) यांच्या नावावरून 'कायपर बेल्ट' हे नाव पडलं. म्हणजे प्लूटो ज्या पट्ट्यात फिरतो, त्याला एका पिंपवाल्याचं नाव आहे.
- बॉट्शर आणि फासबिंडर: जर्मन रूपं. दिग्दर्शक रायनर वेर्नर फासबिंडर यांच्या आडनावाचा शब्दशः अर्थ 'पिंप बांधणारा'.
- बोंदार, बोंदारचुक: युक्रेन आणि रशियाकडची रूपं. 'वॉर अँड पीस'वर भव्य चित्रपट काढणारे सर्गेई बोंदारचुक याच नावाचे.
- कादार: हंगेरियन रूप. १९५६ ते १९८८ या काळात हंगेरीची सत्ता हाती असलेले यानोश कादार. गंमत म्हणजे त्यांचं मूळ आडनाव वेगळं होतं. भूमिगत असताना त्यांनी हे घेतलं.

इंग्लंडमधले नामवंत कूपर

अँथनी अ‍ॅशली कूपर, शाफ्ट्सबरीचे उमराव. पिंपवाल्याचं आडनाव थेट उमरावांच्या घरात पोहोचल्याचं हे सर्वांत ठळक उदाहरण. पहिले अर्ल (१६२१–१६८३) इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सलर झाले. तत्त्वज्ञ जॉन लॉक त्यांच्या घरी वैद्य आणि सल्लागार म्हणून राहत होते. कुणालाही कारण न दाखवता डांबून ठेवता येऊ नये, यासाठीचा १६७९चा हेबियस कॉर्पस कायदा मंजूर होण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

त्याच घराण्यातले सातवे अर्ल (१८०१–१८८५) कामगारांसाठी झगडले. १८४२च्या कायद्याने स्त्रिया, मुली आणि १० वर्षांखालच्या मुलांना खाणीत जमिनीखाली काम करायला बंदी झाली, ती त्यांच्या प्रयत्नांमुळे. धुराड्यांत उतरून काजळी साफ करणाऱ्या पोरांसाठीही ते वर्षानुवर्षं भांडले. १८७०च्या दशकात त्यांनी ब्रिटिश संसदेत हिंदुस्थानातल्या कापड गिरण्यांतल्या मुलांचा प्रश्न काढला. मँचेस्टरच्या गिरणीमालकांनाही मुंबईच्या स्पर्धेला वेसण हवीच होती, त्यामुळे या मागणीमागे दया किती आणि धंदा किती, यावर तेव्हाही वाद झाला. पुढे १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा आला. ७ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आणि ७ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ तास, एवढंच त्या कायद्याने दिलं. लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधला पंख असलेला धनुर्धारी पुतळा पर्यटक फोटोत टिपतात, तो याच सातव्या अर्लचं स्मारक आहे.

सर अ‍ॅस्टली कूपर (१७६८–१८४१). लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलचे नामांकित सर्जन. कवी जॉन कीट्स तिथे वैद्यकी शिकत होता तेव्हा अ‍ॅस्टली कूपर तिथे शिकवत होते. वैद्यकीय विद्यार्थी आजही 'कूपर्स लिगामेंट' पाठ करतात, ते यांच्याच नावाचं. शवविच्छेदनासाठी मृतदेह मिळत नसत त्या काळात थडगी उकरणाऱ्या टोळ्यांकडून प्रेतं घेणाऱ्यांतही त्यांचं नाव होतं.

शार्लट कूपर (१८७०–१९६६). विम्बल्डनच्या पाच वेळा विजेत्या. १९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी टेनिस जिंकलं आणि वैयक्तिक स्पर्धा जिंकणारी पहिली ऑलिंपिक महिला विजेती ठरल्या. तिशी गाठण्याआधीच त्यांना ऐकू येणं बंद झालं होतं. चेंडू रॅकेटवर कसा बसला याचा आवाज ऐकू येत नसताना त्यांनी हे सगळं जिंकलं.

हेन्री कूपर (१९३४–२०११). १८ जून १९६३ रोजी वेम्बली स्टेडियममध्ये या ब्रिटिश बॉक्सरने डाव्या हाताच्या ठोशाने कॅशियस क्लेला, म्हणजे पुढच्या मोहम्मद अलीला, खाली पाडलं. घंटा वाजली म्हणून क्ले वाचला. पुढच्या फेरीत हेन्रीच्या डोळ्यावरची जखम उघडी पडली आणि सामना क्लेने जिंकला.

जॉन कूपर (१९२३–२०००). मिनी कूपरमधला कूपर हा. वडील चार्ल्स यांच्यासोबत त्याने रेसिंग गाड्या बनवायला सुरुवात केली. इंजिन ड्रायव्हरच्या मागे बसवलेल्या त्यांच्या गाडीतून जॅक ब्रॅबमने १९५९ आणि १९६० साली फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद मिळवलं. मग सगळ्यांनाच इंजिन मागे न्यावं लागलं. १९६१ साली जॉनने छोट्याशा मिनी गाडीला जोरदार इंजिन आणि चांगले ब्रेक दिले आणि मिनी कूपर जन्मली. पुढे तिने माँटे कार्लोची अवघड रॅली तीनदा जिंकली.

टॉमी कूपर (१९२१–१९८४). लाल तुर्की टोपी घालून जादूचे प्रयोग मुद्दाम फसवणारा विनोदवीर. १५ एप्रिल १९८४ रोजी टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू असताना तो स्टेजवर कोसळला. हाही विनोदच आहे असं समजून प्रेक्षक हसत राहिले. त्याला हृदयविकाराचा झटका आला होता.

अमेरिकेत गेलेले कूपर

जेम्स फेनिमोर कूपर (१७८९–१८५१). 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' (१८२६) या कादंबरीचा लेखक. त्याच्या वडिलांनी वसवलेलं गाव म्हणजे कूपर्सटाउन. बेसबॉलचं प्रसिद्ध 'हॉल ऑफ फेम' तिथेच आहे.

पीटर कूपर (१७९१–१८८३). सरसाच्या कारखान्यातून श्रीमंत झालेला उद्योजक. १८३० साली त्याने 'टॉम थंब' हे छोटं वाफेचं इंजिन चालवून दाखवलं. स्वतःला धड शाळा मिळाली नाही म्हणून त्याने १८५९ साली न्यूयॉर्कमध्ये 'कूपर युनियन' ही संस्था सुरू केली. तिथे कामकरी घरातल्या मुलामुलींना फुकट शिकता येई. १८६० साली अब्राहम लिंकनने आपलं एक गाजलेलं भाषण तिथल्याच सभागृहात केलं.

अ‍ॅना ज्युलिया कूपर (१८५८–१९६४). नॉर्थ कॅरोलिनात गुलामगिरीत जन्मल्या. आई गुलाम होती आणि आईचा मालक हाच बहुधा त्यांचा बाप होता. १८७७ साली जॉर्ज कूपरशी लग्न झालं. दोनच वर्षांत तो वारला, पण हे आडनाव त्यांनी आयुष्यभर लावलं. शिक्षिका झाल्या, मुख्याध्यापिका झाल्या. १८९२ साली त्यांचं 'अ व्हॉइस फ्रॉम द साउथ' हे पुस्तक आलं. काळ्या स्त्रियांचा प्रश्न त्यांच्याच बाजूने मांडणाऱ्या पहिल्या पुस्तकांत ते गणलं जातं. वयाच्या साठीनंतर, १९२५ साली, त्यांनी पॅरिसच्या सोरबोनमधून डॉक्टरेट मिळवली. १०५ वर्षं जगल्या. अमेरिकन पासपोर्टच्या पानांवर त्यांचं एक वाक्य छापलेलं आहे.

गॅरी कूपर (१९०१–१९६१). 'हाय नून'मधला हा अस्सल अमेरिकन काउबॉय खरं तर इंग्लंडहून आलेल्या आई-बापांचा मुलगा. लहानपणी काही वर्षं इंग्लंडच्या शाळेत शिकला. खरं नाव फ्रँक कूपर. त्या नावाचे नट आधीच होते, म्हणून 'गॅरी' घेतलं. आडनाव खरं, नाव नवं.

लिऑन कूपर (१९३०–२०२४). काही धातू अतिशय थंड केले की त्यांतून वीज कोणत्याही अडथळ्याविना वाहते. याला अतिसंवाहकता म्हणतात. एरवी एकमेकांना दूर लोटणारे इलेक्ट्रॉन अशा थंडीत जोड्या जमवतात, हे लिऑन कूपरने १९५६ साली दाखवलं. या जोड्यांना 'कूपर पेअर्स' म्हणतात. १९७२ साली त्यांना दोन सहकाऱ्यांसह नोबेल मिळालं. हॉस्पिटलमधल्या एमआरआय मशीनचं चुंबक याच अतिसंवाहकतेवर चालतं. शेल्डन कूपर या पात्राचं आडनावही यांच्यावरूनच ठेवलेलं आहे.

मार्टिन कूपर (जन्म १९२८). ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातात धरता येणाऱ्या मोबाइलवरून पहिला कॉल लावणारा मोटोरोलाचा इंजिनियर. कॉल लावला तो प्रतिस्पर्धी कंपनीतल्या इंजिनियरला. फोनचं वजन एक किलोच्या वर होतं. मार्टिनचे आई-वडील युक्रेनमधून आलेले ज्यू स्थलांतरित होते. म्हणजे हाही कूपर, पण इंग्लंडच्या कुठल्या गावातल्या पिंपवाल्याचा वंशज नव्हे.

ज्यांनी हे नाव नुसतंच वापरलं

रॉक गायक अ‍ॅलिस कूपर याचं जन्मनाव व्हिन्सेंट फर्नियर. 'अ‍ॅलिस कूपर' हे आधी बँडचं नाव होतं, नंतर त्याने ते कायदेशीररीत्या स्वतःचं करून घेतलं.

दुसरं उदाहरण डी. बी. कूपरचं. २४ नोव्हेंबर १९७१ रोजी अमेरिकेत पोर्टलंडहून सिअ‍ॅटलला जाणाऱ्या विमानाचं तिकीट एका माणसाने 'डॅन कूपर' या नावाने काढलं. बॉम्ब आहे असं सांगून त्याने २ लाख डॉलर आणि चार पॅराशूट मागवली, प्रवाशांना सोडलं आणि विमान पुन्हा उडाल्यावर रात्रीच्या पावसात मागच्या जिन्यातून उडी मारली. १९८० साली एका मुलाला कोलंबिया नदीकाठी त्यातले ५,८०० डॉलर सापडले. माणूस कधीच सापडला नाही. २०१६ साली एफबीआयने तपास थांबवला. त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नाही आणि 'डी. बी.' ही अक्षरं तर वार्ताहरांच्या गफलतीतून आली. तरी जगातला सर्वांत प्रसिद्ध कूपर कदाचित हाच.

भारतातले कूपर: साहेब कोण, पारशी कोण?

साताऱ्याचे एक खरेखुरे डी. बी. कूपर होते. सर धनजीशा बोमनजी कूपर. १९३७च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली. पण गव्हर्नर रोजच्या कारभारात ढवळाढवळ करणार नाही, अशी हमी मिळेपर्यंत तिने सरकार बनवायला नकार दिला. तेव्हा १ एप्रिल १९३७ रोजी कूपर यांचं अल्पमतातलं मंत्रिमंडळ आलं आणि ते मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत. हे सरकार जुलैपर्यंत टिकलं, मग बाळ गंगाधर खेर आले. साताऱ्यातल्या उद्योगक्षेत्रात कूपर हे नाव आजही आहे.

डॉ. रुस्तम नरसी कूपर यांच्या नावाचं जुहूचं महापालिका रुग्णालय सगळ्यांना 'कूपर' म्हणूनच ठाऊक आहे. नाव इंग्रजी वाटतं म्हणून ते कुठल्या गोऱ्या साहेबाचं असेल अशी अनेकांची समजूत असते. नावातलं 'रुस्तम' मात्र पारशी आहे.

रुस्तम कावसजी कूपर यांनी सरकारलाच कोर्टात खेचलं. १९ जुलै १९६९ रोजी इंदिरा गांधी सरकारने १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. कूपर हे सेंट्रल बँकेचे संचालक आणि काही बँकांचे भागधारक होते. नानी पालखीवाला यांनी त्यांची बाजू मांडली. १० फेब्रुवारी १९७० रोजी सुप्रीम कोर्टाने १० विरुद्ध १ मतांनी तो कायदा रद्द ठरवला. चारच दिवसांत सरकारने नवा वटहुकूम काढला आणि बँका सरकारकडेच राहिल्या. पण मूलभूत हक्क सुटेसुटे न वाचता एकत्र वाचायचे, ही या निकालातली भूमिका पुढे नागरिकांच्या उपयोगी पडली.

पारशांकडे हे नाव कसं आलं? इंग्रजी राजवटीत मुंबई इलाख्यातल्या पारशी घरांनी धंद्यावरून, गावावरून किंवा हुद्द्यावरून आडनावं घेतली. कॉन्ट्रॅक्टर, इंजिनियर, डॉक्टर ही त्यातलीच. कूपरही याच रांगेतलं. प्रत्येक पारशी कूपर घरात पिंपंच बनत होती असं धरून चालता येत नाही. पण हे घर इंग्लंडमधून आलेलं नव्हतं, एवढं नक्की.

मूकपटांच्या काळातली कोलकात्याची तारका पेशन्स कूपर अँग्लो-इंडियन होती. १९२०च्या 'नल दमयंती'सारख्या पौराणिक चित्रपटांतून ती घराघरांत पोहोचली.

भारताच्या इतिहासात एक इंग्रज कूपरही आहे आणि त्याचं नाव अभिमानाने घेतलं जात नाही. फ्रेडरिक कूपर १८५७ साली अमृतसरचा डेप्युटी कमिशनर होता. लाहोरजवळच्या छावणीत नि:शस्त्र केलेली २६वी पलटण बंड करून पळाली. रावी नदीकाठी अडकलेल्या शिपायांना पकडून अजनाला इथे आणलं गेलं. १ ऑगस्टला कूपरने २३७ जणांना गोळ्या घालायला लावल्या. बुरुजात कोंडलेले ४५ जण गुदमरून मेले. सगळे देह एका कोरड्या विहिरीत टाकले गेले. हे आकडे स्वतः कूपरनेच पुढच्या वर्षी पुस्तकात फुशारकीने लिहिले. २०१४ साली ती विहीर उकरली गेली तेव्हा हाडं, कवट्या, नाणी आणि पदकं बाहेर आली.

मग सगळे कूपर नातेवाईक आहेत का?

नाहीत. अ‍ॅस्टली कूपर आणि शाफ्ट्सबरीचे कूपर दोघंही इंग्रज, पण केवळ आडनावावरून त्यांचं नातं सिद्ध होत नाही. मार्टिन कूपर आणि रुस्तम कूपर यांचं तर मूळच वेगळं.

विज्ञानही हेच सांगतं. लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली ४० ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांचा वाय क्रोमोसोम तपासला. तो बापाकडून मुलाकडे जातो, आडनावासारखाच. दुर्मीळ आडनावांच्या माणसांत बरंच साम्य मिळालं. पण स्मिथसारख्या धंद्यावरून आलेल्या, गावोगावी असलेल्या आडनावात दोन अनोळखी माणसांइतकाच फरक होता.

म्हणून सोशल मीडियावर 'तुमच्या आडनावाचं राजचिन्ह मिळवा' अशा जाहिराती दिसल्या तर सावध राहा. इंग्लंडमध्ये अशी चिन्हं देणारी अधिकृत संस्था, कॉलेज ऑफ आर्म्स, १४८४ पासून आहे. तिचा नियम साधा आहे. चिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या थेट वंशजांना मिळतं. आडनावाला चिन्ह नसतं. पैसे भरून मिळतो तो फक्त छापील कागद.

थोडक्यात सांगायचं तर

- कूपर म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा. शब्द डच-जर्मन बोलींतून इंग्रजीत आला, मूळ लॅटिन 'कूपा'.
- इंग्लंडमध्ये १४व्या शतकापर्यंत त्याचं कायमचं आडनाव झालं, तेही अनेक घरांत स्वतंत्रपणे.
- पुढे लग्न, स्थलांतर, धर्म-समाज, रंगमंच आणि खोटं तिकीट अशा अनेक वाटांनी ते नव्या माणसांपर्यंत पोहोचलं.
- कूपर नावावरून माणसाचा देश, धर्म किंवा घराणं ठरवता येत नाही. त्याचं पूर्ण नाव आणि त्याने केलेलं काम पाहावं लागतं.

पुढच्या वेळी कूपर हॉस्पिटलवरून जाताना कुणी म्हणालं की हे इंग्रजांनी ठेवलेलं नाव, तर त्यांना डॉक्टर रुस्तम नरसी कूपर हे पूर्ण नाव सांगा.